बोलायला गेलं की मान टाकतो

हौशी वायरलेसवाल्यांचा (हॅमचा) जुना रेडिओ हातात देताना विकणाऱ्यानं एकच वाक्य सांगितलं होतं. "ऐकतो छान, बोलायला गेलं की मान टाकतो." इतकं प्रामाणिक वर्णन मी आजवर कुठल्याच जुन्या वस्तूचं ऐकलेलं नाही. (माणसांचंही.)

दोन मीटर तरंगलांबीच्या बँडचा, पाच वॉटचा, जुन्या घडणीचा जाडजूड हँडी, म्हणजे हातात धरून बोलायचा सेट. हल्लीचे हँडी खिशात आहेत हेच विसरायला होतं. हा खिशात टाकला तर पँट खाली ओढतो. पाठीवर सुईनं कोरलेलं कॉलसाईन, म्हणजे मालकाचं हवेतलं नाव, त्यातली शेवटची अक्षरं झिजून गेलेली. पीटीटीचं, म्हणजे बोलताना दाबून धरायच्या बटणाचं, रबर तर डाव्या अंगठ्यानं दाबून दाबून गुळगुळीत झालेलं. म्हणजे मालक बोलका होता.

दुपारी टेबलावर घेतला आणि स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर अडवणारी चाळणी, पूर्ण उघडला. खरखर! नाद नसलेल्याला हा बिघाड वाटेल, पण आमचा जीव या खरखरीनं भांड्यात पडतो. रिसीव्हर जिवंत आहे. मग अँटेना काढून तिच्या जागी सिग्नल गिळून टाकणारा ५० ओहमचा डमी लोड लावला, कारण काहीच न लावता नुसताच पीटीटी दाबून फायनल (सिग्नल बाहेर फेकणारा) ट्रान्झिस्टर घालवण्याचा मूर्खपणा माझा एकदा करून झालेला आहे. दाबला. डिस्प्ले मंदावला, विझला, सोडल्यावर पुन्हा उजळला. विक्रेता शब्दाला जागला होता.

बॅटरी पॅकला मल्टिमीटर लावला तर ९.८ व्होल्ट. आत निकेल-कॅडमियमचे आठ सेल, प्रत्येकी १.२ म्हणजे ९.६ पुरे. बॅटरी निर्दोष ठरवून मी मोकळा झालो आणि पुढचे तीन तास वाया घालवले.

रेडिओ उघडण्याचं माझं एक सोवळं आहे. आधी पुठ्ठ्यावर त्याचं चित्र काढायचं आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्या त्याच्या जागी खुपसायचा. घरातले याला हसतात. हसोत. अँटेनाच्या सॉकेटपाशी एक ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला डाख, सापडला, तो नव्यानं डाखला. आवाजाचं बटण फिरवताना करकरत होतं, त्यात क्लीनर फवारला. फायनलचा वाससुद्धा घेऊन पाहिला, जळका नव्हता. एवढं पुण्य करूनही पीटीटी दाबला की मान टाकणं चालूच.

शेवटी मल्टिमीटरची टोकं बॅटरीवर तशीच धरून पीटीटी दाबला. ९.८ चे झाले ६. ऐकताना रेडिओ किरकोळ करंट पितो, पण पाच वॉट बाहेर फेकायचे तर एक-दीड अँपिअर लागतो. आणि मल्टिमीटर? तो जवळजवळ काहीच मागत नाही. काही न मागता "कसं काय?" विचारणाऱ्याला बॅटरीही "मजेत" म्हणूनच सांगणार. पॅक फोडला तर दोन सेल फुटून पांढरा-हिरवा क्षार बाहेर आलेला. संपर्काच्या पट्ट्या साफ केल्या, नवे सेल जोडले, प्रश्न मिटला. जे सगळ्यात आधी करायचं, ते सगळ्यात शेवटी केलं. नेहमीप्रमाणे.

आता बोलून बघायचं. दुसरा हँडी टेबलाच्या टोकाला ठेवला, याच्यात "टेस्टिंग" म्हणालो, तर त्याचा आवाज याच्या माइकात घुसून दोघांनी मिळून अशी शीळ घातली की कानठळ्या बसल्या. लहानपणी मी आणि ताईनं आगपेट्यांचा फोन केला होता. दोरा ताणून ती दाराआड गेली. मी आगपेटीत ओरडलो, "ऐकू आलं का?" ती म्हणाली, "आलं, पण दारातून." हळू बोलावं तर दोऱ्यातूनही येईना, मोठ्यानं बोललं तर दोऱ्याची गरजच नाही. फोन चालतो की नाही याचा निकाल आमच्या घरात आजतागायत लागलेला नाही. आताही शेवटी तोच उपाय केला. दुसरा हँडी आतल्या खोलीत ठेवला आणि दार लावून घेतलं.

आणि मग ती छोटी बटणसेल. तीन व्होल्टची लिथियम, बोर्डावर डाखलेली. रेडिओची स्मरणशक्ती हिच्यावर चालते. मोजली तर २.१. ती बदलायची म्हणजे आधीच्या मालकाचे सगळे चॅनेल पुसले जाणार.

काढण्याआधी एकेक चॅनेल लावून कागदावर उतरवत गेलो. बारा होते. दोन-तीन रिपीटर, म्हणजे आपला आवाज पकडून पुढे फेकणारी यंत्रं: ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत ६०० किलोहर्ट्झची शिफ्ट, आणि त्यांचं दार उघडायला ८८.५ हर्ट्झचा टोन. सातव्यावर १४५.८०० मेगाहर्ट्झ. इथं मात्र हात थांबला. अंतराळ स्थानकावरून पृथ्वीवरच्या हौशी लोकांसाठी जे बोलणं येतं, ते सहसा या फ्रिक्वेन्सीवर. म्हणजे हा मनुष्य अंगणात किंवा गच्चीवर उभा राहून, स्थानक डोक्यावरून जाण्याच्या त्या आठ-दहा मिनिटांची वाट बघायचा. १९८३ साली अंतराळवीर ओवेन गॅरियट कोलंबिया यानातून पहिल्यांदा असे हौशी मंडळींशी बोलले, तेही हँडीवरूनच. अँटेना यानाच्या खिडकीला लावली होती. हे त्याला माहीत असणार. नसलं तर सांगायला आवडलं असतं.

चौथा चॅनेल मात्र कळेना. रिपीटर नाही, शिफ्ट नाही, टोन नाही. साधा सिम्प्लेक्स. मधे कुठलंही यंत्र नाही, या हातातून थेट त्या हातात. आणि बाराही चॅनेलमध्ये सुरू केल्याबरोबर रेडिओ उभा राहायचा तो याच चॅनेलवर.

सेल बदलली. माझे चॅनेल भरायला घेतले, आणि कसं कोण जाणे, कागद समोर ठेवून त्याचेच बाराच्या बारा त्याच क्रमानं भरले.

त्याला आता महिना झाला. दुपारी काम करताना रेडिओ शेजारी चालू असतो, चौथ्यावर. कुणी येत नाही. मधूनच स्क्वेल्च उघडतो, खरखर ऐकतो, बंद करतो. अँटेना बदलून पाहिली. बॅटरी पीटीटी दाबून मोजली, ९.४ च्या खाली जात नाही. रेडिओत काहीही बिघाड नाही.