नावडत्या गाण्यांची बाजू घेताना

कलास्वातंत्र्य आपण मानतो असे म्हणणे मला फार सोपे वाटत असे, कारण ज्या कलाकृतींसाठी मी ते म्हणत होते त्या मला आवडतच होत्या. ‘टू लाइव्ह क्रू’ या अमेरिकन रॅप गटाचा १९८९ सालचा ‘ॲज नॅस्टी ॲज दे वॉना बी’ हा अल्बम ऐकला आणि ती सोय संपली. त्यातील स्त्रियांविषयीची भाषा मला आजही असह्य वाटते.

जून १९९० मध्ये फ्लोरिडातील एका संघीय न्यायाधीशाने हा अल्बम अश्लील ठरवला. अवघ्या दोन दिवसांत त्याची प्रत विकणाऱ्या दुकानदाराला अटक झाली, आणि पाठोपाठ एका कार्यक्रमानंतर गटातील कलाकारांनाही. ऑक्टोबरमध्ये ज्यूरीने कलाकारांना निर्दोष सोडले. त्याच महिन्यात दुसऱ्या ज्यूरीने दुकानदाराला मात्र दोषी ठरवले. अमेरिकी कायद्यानुसार एखादी कृती अश्लील ठरायची तर तिच्यात गंभीर कलात्मक, साहित्यिक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य नाही, हेही सिद्ध व्हावे लागते. पण अल्बम अश्लील ठरवणाऱ्या त्या संघीय न्यायाधीशासमोर शेरीफच्या, म्हणजे स्थानिक पोलीस प्रमुखाच्या, बाजूने पुरावा म्हणून पुढे आली ती केवळ अल्बमची कॅसेट. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले: तज्ज्ञांच्या साक्षी खोडून काढणारे काहीही समोर नसताना, नुसती कॅसेट ऐकून न्यायाधीशांनी कलात्मक मूल्याचा निवाडा करणे त्या न्यायालयाला मान्य झाले नाही, आणि निकाल फिरला.

हा निकाल मला योग्य वाटतो, पण बचावातील सगळेच युक्तिवाद मला पटतात असे नाही. कृष्णवर्णीय साहित्याचे अभ्यासक हेन्री लुई गेट्स यांनी साक्षीत या गाण्यांमागील अतिशयोक्तीची आणि विडंबनाची मौखिक परंपरा समजावून सांगितली होती. ती परंपरा खरीच आहे. तरीही त्या विडंबनात शिवी कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न तिच्याने सुटत नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९९१ मध्ये हाच पेच उलगडून दाखवला. कारवाईसाठी कृष्णवर्णीय गटच निवडला जाण्यामागचा वर्णभेद त्यांनी स्पष्टपणे मांडला, आणि गाण्यांतला स्त्रीद्वेष सांस्कृतिक परंपरेच्या नावाखाली झाकला जाऊ नये हेही तितक्याच ठामपणे सांगितले. ज्या स्त्रियांच्या नावे हा वाद चालला होता, त्यांचे म्हणणे मला प्रथम तिथे ऐकू आले. गाण्याला नावे ठेवण्याचा माझा हक्क आणि ते गाणाऱ्याला तुरुंगात न घालण्याचा माझा आग्रह हे दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे मी त्यांच्याकडून शिकले.

मला अधिक अस्वस्थ करते ते दुसरे प्रकरण, ज्यात न्यायालय आलेच नाही. १९९२ मध्ये अमेरिकन रॅपर आइस-टी यांच्या ‘बॉडी काउंट’ या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये ‘कॉप किलर’ हे गाणे होते. पोलिसी अत्याचाराने पेटलेल्या एका पात्राच्या तोंडून आपण गातो आहोत, असे आइस-टी यांचे म्हणणे होते. पोलीस संघटनांनी अल्बम काढणाऱ्या संगीत कंपनीची मालक असलेल्या टाइम वॉर्नर कंपनीवर बहिष्काराची हाक दिली, काही दुकानांनी अल्बम विक्रीतून काढला, भागधारकांच्या सभेत अभिनेते चार्लटन हेस्टन यांनी अल्बममधील ओळी संतापाने वाचून दाखवल्या, आणि कंपनीतील लोकांना धमक्याही येऊ लागल्या. अखेर जुलैच्या शेवटी आइस-टी यांनी स्वतःच ते गाणे मागे घेतले.

बहिष्कार घालणे हेही अभिव्यक्तीचेच एक रूप आहे, हे मी नाकारत नाही. धमकी मात्र अभिव्यक्तीत मोडत नाही. फ्लोरिडातल्या अल्बमला निदान निकालपत्र मिळाले, त्यात कारणे होती आणि ती वरच्या न्यायालयात तपासली गेली. इथे तपासायला काहीच उरले नाही. नव्याने निघालेल्या आवृत्तीत त्या गाण्याच्या जागी दुसरे गाणे घातले गेले, आणि त्याचे नाव होते ‘फ्रीडम ऑफ स्पीच’.