तुम्ही विचारलंत म्हणून: व्याजदर उतरले, मग रडता कशाला?

पुण्याला आलो की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे बहुधा बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका असतात, नाहीतर ज्यांचा मुलगा यंदा इंजिनिअर होतोय असे आईवडील. "युरोपातली महागाई आटोक्यात आली, व्याजदर निम्म्यावर आले, मग तुमचं तिकडचं रडगाणं संपत का नाही?" मी स्टुटगार्टच्या आसपास राहतो, यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत निर्यातीची कागदपत्रं सांभाळतो. अर्थतज्ज्ञ नाही, पण आयातशुल्काचे आकडे बदलले की सगळ्यात आधी माझी संध्याकाळ जाते. त्यामुळे उत्तर देण्याचा थोडाफार हक्क मला आहे असं मी समजतो.

काकांचे आकडे बरोबरच असतात. ऑक्टोबर 2022 मध्ये युरो वापरणाऱ्या देशांतली महागाई 10.6 टक्क्यांवर गेली होती. फ्रँकफर्टच्या युरोपियन सेंट्रल बँकेचा ठेवींवरचा दर (इतर बँका तिच्याकडे पैसे ठेवतात त्यावरचा) त्या वर्षीच्या जुलैपर्यंत शून्याच्याही खाली, उणे 0.5 होता. तो सप्टेंबर 2023 पर्यंत 4 वर नेला. मग जून 2024 पासून वर्षभरात आठ वेळा कापून 2 वर आणला आणि 2025 संपेपर्यंत तिथेच ठेवला. महागाईही दोनच्या आसपास आली. बँकेच्या अध्यक्ष क्रिस्तीन लगार्द 2025 मध्ये पत्रकारांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आपण चांगल्या ठिकाणी आहोत. त्यांच्या टेबलावरून पाहिलं तर ते खोटं नाही.

पण महागाई दोन टक्क्यांवर आली म्हणजे भाव उतरले नाहीत, फक्त चढायचे थांबल्यासारखे झाले. जो डोनर कबाब कोविडच्या आधी चारेक युरोला मिळायचा तो आता सात-आठला आहे. 2024 मध्ये इथल्या डाव्या पक्षाने डोनरच्या भावावर सरकारी मर्यादा घाला अशी मागणी केली, तेव्हा लोक हसले, पण फार नाही.

खरी गंमत घरकर्जाची. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने रेपो दर कापला की फ्लोटिंग कर्जवाल्यांचा हप्ता काही महिन्यांत हलतो, म्हणून काकांना वाटतं इथेही तसंच असणार. स्पेन किंवा फिनलंडमध्ये बऱ्याच प्रमाणात तसं आहे. जर्मन माणूस मात्र दहा-पंधरा वर्षांसाठी दर बांधून घेतो, आणि तो दर सरकारी दहा वर्षांच्या रोख्याच्या परताव्याकडे बघून ठरतो. मार्च 2025 मध्ये, चॅन्सेलर होऊ घातलेल्या फ्रीडरिश मेर्त्स यांनी जाहीर केलं की संरक्षणासाठी कर्जाची घटनात्मक मर्यादा सैल करू आणि पायाभूत सुविधांसाठी 500 अब्ज युरोंचा निधी उभारू. सरकार एवढं कर्ज काढणार म्हटल्यावर रोख्यांचा परतावा एका दिवसात साधारण 0.3 टक्क्यांनी उसळला. 1990 नंतर एका दिवसातली एवढी उडी झाली नव्हती. आणि दुसऱ्याच दिवशी, 6 मार्चला, सेंट्रल बँकेने आपला दर पाव टक्क्याने कमी केला! म्हणजे बातम्यांत व्याज स्वस्त झालं आणि घर शोधणाऱ्याला मिळणारा दर त्याच आठवड्यात महागला. 2021 मध्ये जे कर्ज एक टक्क्याच्या आसपास मिळायचं ते साडेतीनच्या पुढे. ज्यांचा जुना बांधलेला दर संपत येतोय, त्यांना विचारा चांगलं ठिकाण कुठे आहे ते.

शिवाय एकवीस देशांना मिळून दर एकच. (1 जानेवारी 2026 ला बल्गेरिया येईपर्यंत वीस.) स्पेन 2024 आणि 2025 मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास वाढला, जर्मनी 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षं आकसला. एकाच मापाचा सदरा दोघांना घालायचा, तर कुणाच्या तरी काखेत तो काचणारच.

माझं म्हणणं एवढंच आहे की दर 2 असो की 1, इथलं दुखणं पैशाच्या भावाचं नाहीच. युरो देशांतली कुटुंबं मिळकतीतले साधारण पंधरा टक्के बाजूला टाकतायत. पैसा आहे, पण खर्च करायला किंवा नवा कारखाना घालायला कुणाचा हात पुढे येत नाही. का, ते माझ्या टेबलावर बसून चांगलं दिसतं.

2 एप्रिल 2025 ला ट्रम्प यांनी युरोपियन युनियनच्या मालावर 20 टक्के शुल्क जाहीर केलं. आठवड्याभरात ते थांबवून तूर्त 10 केलं. मे महिन्यात 50 ची धमकी, जुलैत 30 चं पत्र, आणि 27 जुलैला स्कॉटलंडमध्ये, ट्रम्प यांच्याच टर्नबेरीच्या गोल्फ मैदानावर, युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डर लायन यांच्याबरोबर 15 वर सौदा. मोटारींवर पूर्वी अडीच टक्के होतं, मध्ये साडेसत्तावीस झालं, म्हणून मग 15 म्हटल्यावर लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. अडीचचे पंधरा झाले आणि आपण आनंद मानायचा, हे मला अजून पचलेलं नाही. पोलाद आणि ॲल्युमिनियमवर तर 50 टक्के कायम राहिलं. ऑगस्टमध्ये त्या यादीत यंत्रंही घुसली, म्हणजे तेव्हा यंत्रातल्या धातूच्या किमतीवर 50 आणि उरलेल्यावर 15 लागायचं. आता एका यंत्रात पोलाद किती, कुठे वितळवलेलं, त्याची किंमत किती, हे प्रत्येक बोल्टच्या पुरवठादाराला विचारत बसणं हे माझं काम. शुल्क भरता येतं हो. पण सहा महिन्यांनी ते किती असेल हे ठाऊक नसताना ग्राहकाला भाव कसा सांगायचा? यावर फ्रँकफर्टकडे औषध नाही.

त्यात युरो वधारला. 2025 च्या सुरुवातीला तो साधारण 1.03 डॉलर होता, वर्षाअखेर 1.17. आयात स्वस्त झाली, महागाईला तेवढीच मदत. पण अमेरिकेतल्या ग्राहकाला आमचं यंत्र शुल्क धरण्याआधीच महाग पडतं.

राहिले मुलाला पाठवू पाहणारे आईवडील. त्यांच्यासाठी सगळ्यात कामाचा आकडा युरोच्या भावाचाच. विद्यार्थी व्हिसासाठी जर्मनीत 11,904 युरो आधी बंद खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात. जानेवारी 2025 मध्ये युरो 89 रुपयांच्या आसपास होता, तेव्हा ते साडेदहा लाख होत होते. डिसेंबरात 105 च्या आसपास, म्हणजे साडेबारा. युरोची रक्कम तीच, घरातून जाणारे दोन लाख जास्त. दुसरं, मोटारउद्योगच भरवशाचा म्हणून येऊ नका. फोक्सवागनने डिसेंबर 2024 मध्ये कामगार संघटनेशी करार करून 2030 पर्यंत 35,000 हून अधिक जागा कमी करायचं ठरवलं, आणि बॉशने सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 13,000 जागांची कपात जाहीर केली. पायाभूत सुविधांच्या त्या 500 अब्जांचा मोठा वाटा रेल्वे, पूल आणि वीजवाहिन्यांकडे जायचा आहे, तेव्हा सिव्हिल किंवा इलेक्ट्रिकलवाल्याने तिकडे बघावं. बी2 पर्यंत, म्हणजे कामकाज जमेल इतपत, जर्मन मात्र पुण्यातच करून या. इथे आल्यावर शिकू म्हणणारे बरेचजण मास्टर्स संपताना नोकरी आणि व्याकरण दोन्ही एकदम शोधत असतात.