शिसं, मुसळी आणि माझा मामेभाऊ

लग्नाला तीन-चार वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आमच्याकडे आधी सुनेच्या दवाखान्याच्या चकरा सुरू होतात. मामेभावाच्या घरीही तेच. तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल निघाले, तेव्हा कुठे याची तपासणी झाली. शुक्राणू कमी, त्यातले धड पोहणारे आणखी कमी. धंदा काय करतोस, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही.

धुळ्यात त्याचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरीतल्या शिशाच्या जुन्या प्लेटा कढईत वितळवतो, वर येणारी राखाडी साय पळीने काढतो आणि तसेच हात पँटला पुसून कळण्याची भाकरी खातो.

त्याने फोन केला तो चूर्णासाठी. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेलं. डब्यावर लिहिलेलं: सफेद मुसळी, गोखरू, कवचबीज, अश्वगंधा आणि ‘भस्म’. कुठलं भस्म, ते नाही. मी उंदरांवर काम केलंय हे त्याला माहीत. म्हणाला, ‘‘ताई, उंदीरले लागू पडस, मंग माले का नही?’’

प्रश्न चुकीचा नाही. कॅडमियम हा शिशासारखाच विषारी धातू दिलेल्या उंदरांच्या वृषणाचे काप मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेत. निरोगी कापात शुक्राणू बनवणाऱ्या नलिकेच्या काठाला गोल पेशी, आत आत येत शेपटीवाले शुक्राणू, सगळं रांगेत. कॅडमियमच्या कापात नलिका ओस, पेशी सुटून मधोमध गोळा झालेल्या. पारिझेक आणि झाहोर या संशोधकांनी हे नुकसान १९५६ मध्येच दाखवलं होतं. सोबत जस्त दिलं तर ते टळतं, हे पारिझेक यांनी पुढच्या वर्षी मांडलं. वनस्पतींच्या अर्कांचे प्रयोग याच वाटेने जातात. धातूमुळे पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो, म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंनी पेशींना इजा होते; अर्कातली द्रव्यं तो कमी करतात. अश्वगंधा, आवळा, शेवगा, लसूण, सगळ्यांवर निबंधांचा ढीग आहे.

पण त्या प्रयोगांची मांडणी बघा. अर्क बहुतेकदा धातूच्या आधी किंवा सोबतच देतात. उंदीर एका वयाचे, खाद्य एक, धातूची मात्रा मोजून. माझा भाऊ रोज सकाळी शटर उघडतो, आणि मात्रा कोण मोजतंय? शिवाय शिसं हाडांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. बॅटरी कामगारांच्या वीर्यावर त्याचा परिणाम रोमानियातल्या संशोधकांनी १९७५ मध्ये नोंदवला आहे. तिथे उंदीर नव्हते, याच्यासारखीच माणसं होती.

आणि ते भस्म! नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले: साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक. अश्वगंधेशी माझं वैर नाही, पण डब्यात नक्की काय आहे ते कळल्याशिवाय मी ती चमचाभरही घेणार नाही.

त्याला सांगितलं, चूर्ण बंद, आधी रक्तातलं शिसं तपास. जास्त निघालं तर उतरवायची औषधं आहेत, पण ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि कढई तशीच पेटती राहिली तर त्यांचाही उपयोग नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून वीर्याची पुढची तपासणी तीन महिन्यांनी. वितळवण्याचं काम त्याने सोडलंय. जुन्या प्लेटा आता थेट भंगारात जातात. कामाचे कपडे घरी आणायचे नाहीत, हा हुकूम भावजयीचा.