तुम्ही विचारलंत म्हणून: तिला जपान काय कळतं?

"अडीच वर्षांच्या पोरीला जपान काय कळणार?" मी लेकीला रंग-कागदांतून जपानची ओळख करून देते. घरी येणाऱ्या निम्म्या लोकांची नजर खिडकीतल्या कागदी माशाकडे जाते आणि पुढचं वाक्य हेच असतं. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते.

काहीही कळत नाही. तिला अजून 'काल' आणि 'उद्या' यांतला फरक कळत नाही, तिथे 'देश' कुठून कळणार? तिच्या जगात दोनच प्रदेश आहेत, आपलं घर आणि आजीचं घर. पण मी तिला नकाशे पाठ करायला बसवते असं जे तुम्ही धरून चालता, तेही खरं नाही. कागदावर वाटी उपडी ठेवली, कडेने पेन्सिल फिरवली, आत तिने बोटांनी लाल रंग थापला. झाला झेंडा. वर्तुळ मधोमध न येता काठीच्या बाजूला सरकलं. 1870च्या जपानी ध्वजातही ते किंचित तसंच सरकलेलं होतं, 1999च्या कायद्याने ते नेमकं मध्यावर आणलं. म्हणजे पोरीचा झेंडा चुकलेला नाही, जुना आहे. (हे मी नवऱ्याला सांगितलं. त्याने "हं" केलं.)

मासा म्हणजे कोइनोबोरी. 5 मेला तिथे बालदिन असतो, त्या सुमारास असे कापडी कार्प मासे उंच काठ्यांवर फडकतात. आमच्या माशाचे खवले तिच्या अंगठ्याचे ठसे आहेत. वारा पडला की ती म्हणते, "मासा झोपला." विचारणाऱ्यांना मी इथवरच सांगत आले.

सेत्सुबुन सणाचं कुणाला सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, बहुतेक वर्षी 3 तारखेला, तिथे भाजलेले सोयाबीन फेकून ओनीला, म्हणजे शिंगवाल्या राक्षसाला, हाकलून लावतात. घरातलंच कुणीतरी, बरेचदा बाबा, मुखवटा चढवून ओनी होतो. "ओनी वा सोतो, फुकु वा उचि": ओनी बाहेर, भाग्य आत. लहानांच्या घशात दाणा अडकू शकतो म्हणून मी वर्तमानपत्राचे गोळे केले. काळजी घ्यायची ती इतकी घेतली होती, बघा.

मुखवटा तिनेच रंगवला. दुपारभर त्याच्या शिंगांना गोंजारत होती. संध्याकाळी मी तो लावून दाराआडून आले आणि गुरगुरले. एकदाच. तिच्या मुठीत कागदाचा गोळा होता, तो तिने फेकला नाही. ती हललीही नाही. तिच्या पायांखाली ओलं झालं तेव्हा मला कळलं. मी घाईने मुखवटा काढला, तर ती जास्तच किंचाळली, कारण आता त्या तोंडातून आई बाहेर येत होती. कडेवर घेतलं तर मला ढकलून आजीकडे गेली. बऱ्याच वेळाने तिथूनच विचारलं, "आई कुठे गेली होती?"

पुढचे दोन आठवडे बेल वाजली की, "जपान आलं?"

तिथेही कित्येक मुलं या दिवशी भेदरून रडतात, हे मला ठाऊक होतं. त्या रात्री मी स्वतःला तेच ऐकवत बसले. पण तिथल्या मुलाच्या आजूबाजूला त्या ओनीखेरीज अख्खा जपान असतो. माझ्या पोरीकडे एक झेंडा, एक मासा आणि मी एवढंच होतं. शिवाय मी स्वतः तिथे कधी गेलेले नाही. पोर पोटात असताना मी छातीठोकपणे म्हणायचे, हिला सगळं जग आपलं वाटलं पाहिजे. त्या बाईला आज विचारावंसं वाटतं की हौस नक्की कुणाची होती. ती म्हणेल, तुझीच, मग काय बिघडलं? हौशीशिवाय कुणी लहान पोराशी तासभर जमिनीवर बसतं का? यावर मला उत्तर सुचत नाही.

मग सोडून का देत नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न. सोडलं होतं, महिनाभर. मग एके दिवशी तीच रंगाचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "झोपणारा मासा करू." ती जपान मागत होती की नुसता मासा, मला माहीत नाही. मी कात्री काढली.

मुखवटा कपाटावर आहे, भिंतीकडे तोंड करून. टाकायला गेले तर ती "नको" म्हणते, खाली काढू का विचारलं तरी "नको"च म्हणते.