हेडलाइटला फ्यूजच नाही

रविवार, रात्री

आमच्या जुन्या एमजीबी स्पोर्ट्स कारची नवी फ्यूजपेटी आज बसली.

काकांची ही १९७१ची गाडी, इंग्लंडात अॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली. बॉनेटखाली उजव्या बाजूला लुकास कंपनीची छोटी काळी पेटी, आत चार काचेचे फ्यूज. दोन साइडलाइटचे, डावीचा वेगळा आणि उजवीचा वेगळा. तिसऱ्यावर हिरव्या वायरी: ब्रेकलाइट, इंडिकेटर, वायपर, पेट्रोलचा काटा. चौथ्यावर जांभळ्या: हॉर्न, आतला दिवा. संपलं. हेडलाइटला फ्यूजच नाही! मूळची रचनाच तशी. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून सरळ पुढं जातो. वायर कुठं घासून बॉडीला टेकली, तर मध्ये तोडणारं काहीच नाही.

आमच्या बेळगावच्या पावसाळ्यात हे मला सोसवेना. इथली दमट हवा जुन्या पेटीला आधीच खाऊन बसली होती. फ्यूजच्या क्लिपा ज्या रिव्हेटांवर बसवलेल्या असतात, त्यांच्या बुडाशी हिरवा गंज धरतो. क्लिप घासून लखलखीत केली तरी खालचा सांधा तसाच राहतो आणि तिथंच पेटी तापते. उद्यमबागेतले वायरमन मामा पेटी उलटी करून म्हणाले, "वरनं घासून काय उपेग? खालनं कुजलंय की सगळं." तेव्हाच ठरलं, आजच्या गाड्यांत असतात तशा पात्याच्या (ब्लेड) फ्यूजची नवी पेटी घालायची.

पण आकड्यांपाशी फार जपावं लागतं. जुन्या इंग्रजी काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं. तो फ्यूज उडण्याचा आकडा; सतत सोसण्याचा १७च. आजच्या पात्याच्या फ्यूजवर मात्र सतत सोसण्याचा आकडा छापतात. म्हणजे ३५ काढून कुणी ३०चा हिरवा फ्यूज घातला, तर त्याला वाटेल की आपण कमीच घातला. प्रत्यक्षात वायरीला पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट करंट सोसावा लागेल, आणि फ्यूज शाबूत राहून वायर जळेल. फ्यूज असतो तो वायरीला वाचवायला. बल्ब काय, नवा मिळतो. डॅशबोर्डमागची पन्नास वर्षांची वायरिंग कुठून आणायची? मी हिरव्या लाइनला १५चा निळा घातला.

हेडलाइटसाठी दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच, घेतले; एक डिपरचा (खालच्या झोताचा), एक अपरचा (लांबच्या झोताचा). आता स्विचवर फक्त रिले उचलण्यापुरता करंट येतो. पुढं दोन्ही दिव्यांतल्या डिपर-अपरच्या मिळून चारही फिलामेंटना (बल्बमधल्या तारांना) स्वतंत्र फ्यूज दिले. ५५ वॉटचा डिपर १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या थोडा वर घेतो, ६० वॉटचा अपर ५ घेतो, म्हणून प्रत्येकी १०चा लाल. मामांचं म्हणणं होतं, दोन्ही डिपरना मिळून एक फ्यूज पुरे. हिशेबानं पुरतोही. पण जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याच्या घाटात रात्री धुक्यात शिरल्यावर एक फ्यूज गेला आणि समोरचा सगळाच उजेड गेला, तर वळणावर गाडी कशाच्या आधारानं घालायची? एका बाजूचा दिवा तरी उरलाच पाहिजे. लुकासवाल्यांनी साइडलाइटला हाच विचार लावला होता, मी तो पुढच्या दिव्यांपर्यंत नेला.

नवीन वायरीही मूळ रंगांच्याच शोधून आणल्या. बॅटरीची तपकिरी, चावीनंतरची पांढरी, अपरची निळ्यावर पांढरी रेघ, डिपरची निळ्यावर लाल. मिळेल त्या रंगाची वायर ओढणं मला पटत नाही. उद्या दुसरा कुणी आकृती घेऊन बसला तर त्याला गाडी वाचता आली पाहिजे. बॉडीला नवं भोकही पाडलं नाही. पेटी पट्टीवर घेतली आणि पट्टी जुन्याच स्क्रूंवर.

हिरवी लाइन मात्र अजून फोडायची आहे. वायपरची मोटर अडकून फ्यूज उडाला तर त्याच्याबरोबर ब्रेकलाइटही जातो, तोही नेमका पावसात, मागं ट्रक असताना. वायपरला वेगळा फ्यूज हवाच. वायर, लग, स्लीव्ह आणून ठेवलं आहे, मामा पुढच्या रविवारी येतो म्हणालेत.