तिसरा महिना : खांदा एकदाचा बसला

एक तृतीयांश मापाचा, भाजल्या मातीचा माणसाचा सांगाडा. 165 सेंटीमीटर उंचीचा माणूस धरलाय, म्हणजे तयार सांगाडा 55 सेंटीमीटरचा. माती खानापूरची. ओली पट्टी 10 सेंटीमीटरची पाडली, ती भाजून 9.2 भरली. म्हणून प्रत्येक हाड तेवढं वाढवून घडवतो. मांडीचं हाड उंचीच्या पावापेक्षा थोडं जास्त, म्हणजे 14.7 हवं, घडवलं 16 चं.

कवटी आणि खालचा जबडा मागेच झाले. कवटीतली 22 हाडं वेगळी केली नाहीत, सांधे फक्त सुईने कोरले.

बरगड्यांनी मात्र पावसाळा खाल्ला. या दिवसांत खानापुरात माती वाळतच नाही, त्यात पहिल्या सहा जोड्या मी पिंपाच्या कड्यांसारख्या आडव्या बसवल्या होत्या. छाती पिंपासारखीच दिसू लागली. बरगडी पाठीच्या मणक्याकडून निघते ती पुढे येताना खाली उतरते. पुढचं टोक मागच्यापेक्षा बरंच खाली असतं. श्वास घेताना ती वर उचलली जाते आणि छाती फुगते, ते या उतारामुळेच. सगळ्या मोडून पुन्हा केल्या. वरच्या 7 जोड्या आपापल्या कूर्चेने, म्हणजे हाडाच्या टोकाच्या लवचिक पट्टीने, थेट छातीच्या हाडाला, पुढच्या 3 वरच्या कूर्चेला चिकटून, शेवटच्या 2 पुढून मोकळ्या.

आता खांदा. महिन्यातले तीन आठवडे त्यातच गेले. फरा, म्हणजे खांद्याचं चपटं तिकोनी हाड, मी बरगड्यांना तारेने घट्ट बांधत होतो आणि हात दर वेळी लाकडी बाहुलीसारखे लोंबत होते. भट्टीवाल्या मामांना दाखवलं. ते म्हणाले, "अरे, बोकडाचा फरा बघितलास न्हवं? तो कुठं हाडाला जोडलेला असतोय? सुरी घातली की सुटतोय की."

घरी येऊन चित्रं पुन्हा काढून बसलो. मामांचं बरोबर. माणसाचाही फरा बरगड्यांना सांध्याने जोडलेला नसतो, स्नायूंमध्ये झोपाळ्यासारखा धरलेला असतो. अख्खा हात धडाच्या हाडांना फक्त एका ठिकाणी जोडलेला : गळपट्टीचं हाड छातीच्या हाडाला मिळतं तिथे, गळ्याच्या खळीशेजारी. तिथे बोट ठेवा आणि हात डोक्यावर न्या, हाड बोटाखाली फिरताना कळतं. बोकडाला कामाचं गळपट्टीचं हाडच नसतं, म्हणून त्याचा फरा छातीच्या कुशीला चिकटून राहतो आणि पाय पुढे-मागेच चालतो. आपलं हे हाड फऱ्याला बाहेर रेटून धरतं. फरा पाठीवर सरकतो आणि हात बाजूला, वर, मागे, सगळीकडे जातो.

मग तार बदलली. फऱ्याच्या बरगड्यांकडच्या तारा काढून टाकल्या, गळपट्टीचं हाड नव्याने वळवलं. ते सरळ काडी नाही, लांबट इंग्रजी एससारखं आहे : आतला भाग पुढे फुगीर, बाहेरचा मागे. पाच सेंटीमीटरच्या तुकड्यात ही दोन वळणं आणायला सात प्रयत्न लागले. ते बसलं, फरा मागून बारीक तारेने अधांतरी टांगला, आणि पहिल्यांदाच सांगाडा उभा राहिलेला माणूस वाटला. मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

कोपराखालची दोन्ही हाडंही आता सुटी ठेवलीत. आधी समांतर चिकटवली होती. तळवा पुढे असताना ती समांतर असतात, पण तळवा मागे वळवला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावर तिरकं येतं. चिकटवल्यावर हा मजा कायमचा गेला असता.

कंठातलं छोटं नालासारखं हाड अजून व्हायचंय. ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला टेकत नाही, त्यामुळे रेशमी दोऱ्याने टांगीन म्हणतो. कानातली सहा हाडं या मापात होणार नाहीत, ती सोडली.

म्हणजे उरले हातांचे पंजे आणि पावलं. 206 पैकी 106 हाडं तिथेच आहेत, एकेका पंज्यात 27, एकेका पावलात 26. मनगटाची आठ हाडं चार-पाच मिलिमीटरची होतील. ती सुटी भाजली तर राखेत हरवतील, एकत्र भाजली तर मनगट हलणार नाही. मामा म्हणतात, झाकणाच्या छोट्या मडक्यात वाळू घालून भाजूया. कुणी इतके बारीक तुकडे तसे भाजलेत का? वाळू चिकटते का, तेवढं सांगा.