बिनपगारी फायरवाले, नाइन-वन-वन आणि भोपाळ

आमच्या काउंटीतल्या फायर स्टेशनांत रात्री कुणीच नसतं. गाड्या असतात, पाण्याची टाकी भरलेली, बॅटरी चार्जरला लावलेली, बुटांवरच पॅन्ट अशी दुमडून ठेवलेली की पाय घालायचा आणि वर ओढायची, पण माणसं आपापल्या घरी झोपलेली असतात. कारण ती पगारी नाहीत. एक जण खताच्या को-ऑपमध्ये, म्हणजे सहकारी संस्थेत, कामाला आहे, एक शाळेची बस चालवतो, एक नर्स आहे, बरेचसे शेतकरी, आणि प्रत्येकाच्या उशाशी पेजर. हो, अजूनही पेजर, कारण ओढ्याकाठच्या खोलगट भागात मोबाईलला रेंज नसते आणि पेजर मात्र वाजतो.

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहते. राज्यात एकूण ९९ काउंट्या, त्यातली आमची एक अगदी ग्रामीण. पसारा आपल्याकडच्या तालुक्याएवढा धरा, पण माणसं इतकी कमी की आपल्या एखाद्या मोठ्या गावात सगळी मावतील. मका, सोयाबीन, डुकरांच्या लांबलचक शेड, आणि मैलामैलावर काटकोनात कापणारे खडीचे रस्ते. नवरा इथल्या फायर डिपार्टमेंटमध्ये व्हॉलंटियर झाला तेव्हापासून या लोकांचं काम मी घरातून बघतेय, आणि हळूहळू मीही त्यांच्या मीटिंगांना जाऊन बसायला लागले. भारतातून फोन येतो तेव्हा लोक विचारतात, तिकडे काय बाई, नंबर फिरवला की दोन मिनिटांत गाडी दारात, ना? शहरात असेल तसं. इथे गाडी येते ती कशी येते ते जरा सविस्तर सांगते.

सुरुवात फोन उचलणाऱ्या माणसापासून. अमेरिकेत ९११ चा, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरचा, पहिला कॉल लागला १६ फेब्रुवारी १९६८ ला, तोही न्यूयॉर्कला वगैरे नाही, अलाबामातल्या हेलीव्हिल नावाच्या छोट्या गावात. आमच्याकडे हा फोन शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसात वाजतो. डिस्पॅचर ताईंचा पहिला प्रश्न काय झालं हा नसतो, कुठे आहात हा असतो. मध्येच फोन कट झाला तरी पत्ता हातात असला पाहिजे, म्हणून. आणि मग त्या एका कानाने तुमच्याशी बोलत असतात, छातीवर हात कुठे ठेवायचा, किती जोरात दाबायचं हे सांगत असतात, आणि दुसऱ्या हाताने पेजर वाजवत असतात, त्यामुळे त्या प्रश्न विचारत बसल्यात म्हणून गाडीला उशीर होतोय असं समजून कुणी चिडू नका, गाडी तोवर निघालेली असते.

पत्त्याची गंमत म्हणजे पूर्वी इथल्या शेतावरच्या घरांना धड पत्ता नसायचाच, टपालाचा रूट नंबर आणि बॉक्स नंबर एवढंच. आता प्रत्येक फाटकाशी चमकणारी नंबराची पाटी असते आणि तो नंबर रस्त्यांच्या जाळ्यावरूनच दिलेला असतो, म्हणजे नुसता नंबर ऐकून ड्रायव्हरला कळतं की कितव्या मैलावर, कुठल्या बाजूला वळायचं. हिवाळ्यात बर्फाचा नांगर फिरला की ही पाटी हमखास गाडली जाते. ती उकरून साफ ठेवा बाबांनो, एवढीच विनंती हे लोक दरवर्षी करतात.

आता आग लागली समजा. रस्त्याच्या कडेला हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, तो शहरात, शेतात कुठून येणार. पाणी सोबत न्यावं लागतं. एक टँकर पोचतो, जमिनीवर घडीचा मोठा हौद उघडतात, त्यात पाणी ओततात आणि तो टँकर लगेच परत भरायला पळतो, तोवर दुसरा येतो, मग तिसरा, आणि इंजिन, म्हणजे पंपाची गाडी, त्या हौदातून पाणी खेचत राहतं. काही शेततळ्यांना कायमचा पाइप बसवून ठेवलाय, हिवाळ्यात वर बर्फ असला तरी खालून पाणी ओढता येतं. एका गावाकडे एवढे टँकर नसतात, म्हणून शेजारच्या दोन-तीन गावांशी लेखी करार असतो आणि घर किंवा गोठा पेटल्याचा कॉल आला की त्यांचे पेजर आपल्यासोबतच वाजतात. आधी आम्ही बघतो, जमलं नाही तर बोलावतो, असं नाही. मला ही पद्धत फार आवडते, कारण मदत मागायला कमीपणा वाटण्याचा प्रश्नच त्यात उरत नाही.

सगळ्यात जास्त सराव मात्र मी बघितला तो धान्याच्या कोठारांचा. इथे पत्र्याच्या उंच गोल कोठारांत मका साठवतात. आत गुठळी झाली की शेतकरी ती फोडायला वरून उतरतो, खाली धान्य काढायचा स्क्रू चालू असतो, आणि धान्य सरकायला लागलं की काही सेकंदांत माणूस कमरेपर्यंत अडकतो, थोड्याच वेळात पूर्ण आत जातो. छातीपर्यंत रुतलेल्याला दोर लावून ओढायचं नसतं, चारी बाजूंनी दाण्यांचा दाब इतका असतो की तो सुटणार नाही, इजा मात्र होईल. आधी स्क्रू बंद, मग फळ्यांवर वजन विभागून हळूहळू जवळ जायचं, त्याच्याभोवती पत्र्याचे तुकडे एकेक करून धान्यात खाली दाबायचे, त्यांचा गोल पूर्ण झाला की आतलं धान्य उपसायचं. पूर्ण गाडला गेला असेल तर कोठाराचा पत्रा करवतीने कापतात, पण एकाच बाजूने नाही, सगळीकडून समान, नाहीतर एका अंगाने धान्य ओसरून अख्खं कोठार बसतं. हा सराव करताना एक जण खरोखर धान्यात उभा राहतो. नवरा उभा राहिला होता त्या संध्याकाळी मी खालून बघत होते, सगळी काळजी घेतलेली आहे हे माहीत असूनही माझ्या पोटात गोळा आला होता. आणि त्यांचा ट्रेनर पुन्हा पुन्हा एकच बजावत होता, भाऊ असो, बाप असो, एकट्याने आत उडी मारायची नाही, ९११ फिरवायचा. कारण वाचवायला गेलेला दुसरा माणूसही आत जातो.

सरावाने काय होतं याचं आयोवातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सू सिटी. १९ जुलै १९८९, युनायटेड एअरलाइन्सचं २३२ नंबरचं डीसी-१० विमान, शेपटीतलं इंजिन फुटलं आणि सगळे हायड्रॉलिक गेले, म्हणजे विमान वळवायचं साधनच उरलं नाही. ते वूडबरी काउंटीतल्या सू सिटीच्या धावपट्टीवर आदळलं. २९६ माणसं होती, १८४ जगली. वैमानिकांचं कौतुक सगळे करतात आणि करायलाच पाहिजे, पण दोनच वर्षं आधी त्या काउंटीने मोठं विमान कोसळल्याची रंगीत तालीम केली होती आणि त्यात काय कमी पडलं ते बघून आजूबाजूच्या छोट्या गावांनाही योजनेत घेतलं होतं. तालीम केली तेव्हा त्या विमानतळावर एवढी मोठी विमानं उतरतसुद्धा नव्हती. अशा सरावांवर खर्च कशाला म्हणणारे लोक प्रत्येक बजेटच्या मीटिंगला असतात, त्यांना मी ही गोष्ट सांगते.

वादळांचं वेगळंच. २१ मे २०२४ ला ग्रीनफिल्डला टोर्नेडो आला, अडेअर काउंटी, दोनेक हजार वस्तीचं गाव, ईएफ-४ तीव्रतेचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या फक्त एक खाली. गावातल्या हॉस्पिटललाच मार बसला आणि जखमींना आजूबाजूच्या गावांत हलवावं लागलं. गावात जे एक हॉस्पिटल असतं तेच गेलं तर काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बैठकीत निघतो. त्याआधी १० ऑगस्ट २०२० चं डेरेचो, सरळ रेषेत धावणाऱ्या वाऱ्याचं वादळ, सीडर रॅपिड्स भागात वाऱ्याचा वेग ताशी २२५ किलोमीटरच्या घरात गेल्याचा अंदाज आहे. वीज गेली, मोबाईलही गेले, म्हणजे ९११ ला फोन लावायलाच फोन नाही. म्हणून इथे बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घरात ठेवा असं कानीकपाळी ओरडून सांगतात. आणि वादळाचा इशारा देणारा भोंगा? तो घराबाहेर असलेल्या माणसांसाठी आहे. आमच्याकडे दर महिन्याला ठरलेल्या दिवशी तो चाचणीसाठी वाजतो, पण बंद खिडक्यांच्या आत, एसी चालू असताना, झोपेत तो ऐकू येईलच असं धरून चालू नका. नवीन आलेल्या देशी कुटुंबांना मी हे पहिल्या भेटीतच सांगते.

आता जे सांगायला ही पोस्ट लिहायला घेतली ते. कोर्टहाऊसच्या एका खोलीत काही महिन्यांनी एक बैठक भरते, स्थानिक आपत्कालीन नियोजन समितीची. फायर चीफ, शेरीफचा माणूस, हॉस्पिटलची बाई, को-ऑपचा मॅनेजर, कधी शाळेचं कुणी. काउंटीत कुठल्या आवारात कुठलं रसायन किती आहे याची यादी दरवर्षी १ मार्चच्या आत समितीकडे आणि फायर डिपार्टमेंटकडे द्यावीच लागते. आमच्याकडे मुख्य असतो तो अनहायड्रस अमोनिया, मक्याचं खत, वसंतात रस्तोरस्ती ट्रॅक्टरमागे त्याच्या पांढऱ्या टाक्या दिसतात. गळला तर डोळे आणि घसा जाळतो. म्हणून वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूनेच गाडी न्यायची, डोळ्यांत गेला तर भरपूर पाण्याने धूत राहायचं, हॉस्पिटलला आधी कळवायचं, हे सगळं टाकी गळायच्या आधीच ठरलेलं असतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या आजोबांना विचारलं, हे कधीपासून आहे. ते म्हणाले, १९८६ च्या कायद्यापासून, तुमच्या तिकडे ते झालं ना, त्यानंतर.

तुमच्या तिकडे म्हणजे भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडचा वायू झोपडपट्ट्यांत शिरला तेव्हा कुठल्या दिशेने पळायचं हे लोकांना सांगणारं कुणी नव्हतं आणि कुठल्या विषावर उपचार करायचा हे डॉक्टरांना सांगणारं कुणी नव्हतं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या इन्स्टिट्यूट नावाच्या गावातल्या कारखान्यातून गळती झाली, लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि मग अमेरिकेच्या संसदेने कायदा केला की शेजारच्या आवारात काय साठवलंय हे जाणून घेण्याचा हक्क लोकांना आहे. त्याच कायद्यातून या समित्या आल्या. मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या या काउंटीतला फायरमन आज कुठल्या बाजूने जायचं हे आधीच जाणून असतो, त्याच्यामागे भोपाळची माणसं आहेत. त्या खोलीत बसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि रागही आला, खोटं कशाला बोलू, कारण शिकले सगळे पण किंमत मोजली भोपाळने.

आणि कायदा झाला म्हणून सगळं सुरळीत असंही नाही. १७ एप्रिल २०१३ ला टेक्सासमधल्या वेस्ट नावाच्या गावात खताच्या गोदामाला आग लागली आणि अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १५ जण गेले, त्यातले १२ जण आग विझवायला, मदतीला धावलेले होते, बहुतेक आमच्यासारखेच बिनपगारी. कागदावरची यादी आगीपर्यंत जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात उतरली नाही तर तिचा काय उपयोग. म्हणून आमचे चीफ वर्षातून एकदा सगळ्यांना को-ऑपच्या आवारात प्रत्यक्ष फिरवतात, कुठली टाकी कुठे, कुठला व्हॉल्व्ह कुठे, आणि कुठून मागे फिरायचं.

भारतातही भोपाळनंतर १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम आले, त्यात जिल्हा पातळीवर कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली गट असतो आणि औद्योगिक वसाहतीच्या पातळीवर स्थानिक गट. महाड, लोटे, तारापूर भागात राहणाऱ्यांनी, किंवा तुमचे आई-बाबा तिथे राहत असतील तर तुम्ही, जरूर चौकशी करा की आपल्या भागातला गट कधी बसतो, आणि गळती झाली तर गावाने काय करायचं हे गावाला सांगितलंय का. हा प्रश्न विचारण्यात काही वावगं नाही.

इथली सगळ्यात मोठी काळजी मात्र रसायनांची नाही, माणसांची आहे. ॲम्ब्युलन्सवर जायला ईएमटीचं, म्हणजे वाटेत तातडीचे उपचार करणाऱ्या माणसाचं, ट्रेनिंग लागतं, दीडशेच्या वर तास, नोकरी आणि घर सांभाळून. तरुण मुलं शहरात जातात, जी आहेत ती दिवसा तासभर लांबच्या कामावर असतात, त्यामुळे दुपारी दोनचा कॉल रात्री दोनच्या कॉलपेक्षा अवघड. आयोवात पोलीस आणि आग ही आवश्यक सेवा, पण ॲम्ब्युलन्स कायद्याने तशी नव्हतीच, २०२१ मध्ये काउंट्यांना मुभा मिळाली की तिला आवश्यक सेवा जाहीर करून कर लावा, तोही मतदानात ६० टक्के लोक हो म्हणाले तरच. मी स्वतः दारोदार जाऊन सांगते, कर भरा. लोक म्हणतात आधीच किती कर. बरोबर आहे त्यांचं, पण छातीत कळ आल्यावर जवळच्या हॉस्पिटलला, तेही पंचवीसच्या आत खाटांचं, न्यायला अर्धा तास लागणार असेल तर त्या अर्ध्या तासात तुमच्याजवळ कोण बसलंय यावर सगळं आहे.

हवामान खात्याचं वादळ ओळखायचं ट्रेनिंग वसंतात असतं, एका संध्याकाळचं, फुकट. ढगाची भिंत कशी दिसते, फोन कुणाला आणि काय सांगून करायचा, हे शिकवतात. मध्य आयोवात जवळपास कुणी मराठी मंडळी असतील तर खाली लिहा, मी गाडीतून घेऊन जाईन. इंग्रजी कसंही असू दे. आणि ज्यांच्या नवऱ्याला किंवा बायकोला व्हॉलंटियर व्हायचंय पण घरच्यांना भीती वाटते त्यांनीही लिहा, रात्री पेजर वाजल्यावर मागे घरात काय काय होतं ते मी नीट सांगेन, भीतीसकट.